आपली गोणी आपण भरावी

एका गावात एकही घर समुद्राकडे पाठ करून उभं नव्हतं. त्या गावात एक तांडेल राहत होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याच्या होडीचं नाव होतं टिटवी. होडी अरुंद, पण शीड घराच्या छपराएवढं. शिडात वारा भरला की टिटवी अशी पळायची, की किनाऱ्यावरची कुत्री भुंकायची विसरायची.

दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गावात शिडाच्या होड्यांची शर्यत असे. किनाऱ्यावरून निघायचं, समुद्रातल्या काळ्या खडकाला वळसा घालायचा आणि परत यायचं. पहिल्या येणाऱ्याला फुलांची माळ मिळे. पण माळेपेक्षा लोक एका रीतीला जास्त घाबरत. जी होडी लागोपाठ तीन वर्षं शर्यत पुरी करणार नाही, तिची डोलकाठी कायमची उतरवायची आणि तिने पुढे खाडीत लाकूडफाटा वाहायचा. न पळणाऱ्या होडीला शीड कशाला, असं गावाचं म्हणणं. गाव तसं प्रेमळ होतं, पण रीतीपुढे कुणाचं काही चालत नसे.

तांडेलाचे गुडघे धरले आणि टिटवी दोन वर्षं वाळूत पडून राहिली. तिसरं वर्ष लागलं, तसं तांडेलाने किनाऱ्यावर जाणंच सोडलं. डोलकाठी उतरताना बघवणार नाही, म्हणून तो आतापासूनच न बघायची सवय करत होता. त्याच्या लेकीला याचं फार वाईट वाटे. लहानपणी त्याच्या मांडीवर बसून ती सुकाणू धरायला शिकली होती, पण शर्यतीत कधी उतरली नव्हती. एके दिवशी तिने त्याला सांगितलं, की या वर्षी टिटवी मी नेते. तांडेल "बरं" म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

सुकाणू ती धरणार, पण आणखी तीन माणसं हवी होती. लेक गावातल्या नामवंतांकडे गेली. पहिला दोन माणसांचा दोर एकटा ओढणारा पैलवान होता. दुसरा नुसत्या वासावरून वारा ओळखणारा जाणकार. तिसऱ्याने चार वेळा माळ घातली होती, आणि त्यातली एक वाळलेली माळ अजून त्याच्या दारावर लटकत होती. तिघंही म्हणाले, येऊ की, त्यात काय.

पहिल्या दिवशी तिघंही आले आणि एकमेकांना शिकवत बसले. दुसऱ्या दिवशी दोघं आले. तिसऱ्या दिवशी एकच आला, तोही बाकीचे येणार नाहीत हे सांगायला. मग कुणाकडे जावई आला, कुणाचं डोकं चढलं, कुणी तर विसरूनच गेला. सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. लेक रोज सकाळी टिटवीपाशी वाट बघत उभी राही.

वारा भरला की अरुंद होडी एका अंगाला कलते. तेव्हा माणसांनी दुसऱ्या काठावर बसून तिला वजन द्यायचं असतं. माणसं नाहीत तर नाहीत, वजन तरी असू दे, म्हणून लेकीने तीन गोण्या वाळूने भरून तिघांच्या जागी ठेवल्या. गावाला हसायला निमित्त मिळालं. पोरीला खलाशी बरे मिळाले, म्हणे, उलट बोलत नाहीत आणि जेवायलाही मागत नाहीत. गोण्या खरोखर रोज वेळेवर हजर असत. पण होडी वळवली की शीड या अंगाचं त्या अंगाला जातं, आणि वजनानेही त्याच क्षणी बाजू बदलावी लागते. गोणी काही आपण होऊन उठत नाही. चौथ्या वळणावर टिटवी कलंडली. लेकीने कशीबशी ती किनाऱ्याला ओढत आणली. गोण्या फाटल्या होत्या.

गावात गोधड्या शिवणारी एक मावशी होती. अंगाने चांगली भरलेली, आणि सुई सदा अंबाड्यात खोचलेली. लेक भिजलेल्या गोण्या घेऊन तिच्याकडे गेली आणि जाड टाके घालून दे म्हणाली. मावशीने गोणी उलटसुलट करून पाहिली, मग लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"शिवायची कशाला?" ती म्हणाली. "मीच येऊन बसते. वजन माझं काही कमी नाही."

मावशीला पोहता येत होतं, बाकी होडीतलं काही म्हणजे काही येत नव्हतं. पण ती दुसऱ्या दिवशी आली, आणि तिसऱ्या दिवशीही आली. तिला बघून मिठागरावर राबणारे तात्या आले. मिठाने त्यांचे तळवे असे राठ झाले होते, की दोर कितीही सरकला तरी सोलवटत नसे. मग गावचा न्हावी आला. तो मुळात थट्टा करायला आला होता, पण बोलता बोलता होडीत बसला आणि बोलता बोलताच राहिला.

एके दिवशी तात्या आलेच नाहीत. बाकीचे दुपारपर्यंत उन्हात बसले. संध्याकाळी तात्या खाली मान घालून आले. आदल्या संध्याकाळीच भरतीने मिठागराचा बांध फुटला होता. ते म्हणाले, की आमच्यात जो येणार नसतो, तो आदल्या संध्याकाळी आपलं फावडं बांधावर आडवं ठेवून जातो. मग कुणी त्याची वाट बघत नाही आणि त्याचं काम आपसात वाटून घेतात. होडीतही तसंच काहीतरी असायला हवं.

तेव्हापासून टिटवीचा नियम ठरला. ज्याला यायला जमणार नाही, त्याने आपल्या वजनाची गोणी आपणच भरून आपल्या जागी ठेवायची. एका ओंडक्यावर फळी टाकली. एका टोकाला माणूस बसे, दुसऱ्या टोकाला गोणी, आणि फळी सरळ होईपर्यंत वाळू घालत. मावशीला दोन गोण्या लागल्या. त्यावर न्हावी दोन दिवस बोलत होता आणि मावशी दोन दिवस त्याच्याशी बोलत नव्हती.

मग न्हाव्याच्या बहिणीचं लग्न आलं. त्या सकाळी लेक होडीपाशी गेली तर न्हाव्याची गोणी जागेवर बसलेली, आणि वर त्याचा जुना पटका बांधलेला. लग्नघरातून वेळ काढून, स्वतः वाळू भरून तो पहाटेच ठेवून गेला होता. लेक आधी हसली. मग तिला रडू आलं, कारण इतकी काळजी आपली कुणी करेल असं तिला वाटलं नव्हतं.

शर्यतीचा दिवस उजाडला. अकरा होड्या पाण्यात उतरल्या, आणि तेवढ्यात पैलवान, जाणकार आणि माळवाला डुलत डुलत आले. सराव गेला उडत, आम्हाला बसव, आज टिटवी पहिली आणून दाखवतो, असं ते म्हणाले. खोटं कशाला बोला, लेकीला मोह झाला. आज खडकाला वळसा पडला नाही तर उद्या टिटवीची डोलकाठी उतरणार होती. तिच्या होडीत एक गोधडीवाली, एक मिठागरवाले आणि एक न्हावी. आणि समोर गावातले सगळ्यांत नावाजलेले हात.

तिने मागे वळून पाहिलं. होडीत कुणीच नव्हतं. मावशी, तात्या आणि न्हावी पाण्याच्या कडेला वाकून निमूटपणे आपापल्या गोण्या भरत होते. तिने आपल्याला ठेवलं नाही आणि ते तिघं ऐन वेळी पुन्हा उठून गेले, तरी टिटवीचं वजन कमी पडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. न्हावीसुद्धा एक शब्द बोलत नव्हता.

लेक धावत गेली आणि मावशीच्या हातातली गोणी तिने उपडी केली.

"वाळू सांडा ती," ती म्हणाली. "माझी माणसं आलेली आहेत."

ते तिघं नामवंत मग शेजारच्या होडीत, तिथल्या माणसांच्या जागी चढले. टिटवी निघाली ती मागेच. खडकापाशी वारा अचानक फिरला. शेजारच्या होडीत तिघंही एकदम सुकाणूकडे धावले, शीड सांभाळायला कुणी उरलं नाही, आणि ती होडी आडवी झाली. मागून येणाऱ्या दुसऱ्या एका होडीने त्यांना उचलून किनाऱ्याला नेलं. टिटवी वळली तेव्हा कुणी कुणाला हाक मारली नाही. चौघंही एकाच क्षणी या काठावरून त्या काठावर गेली.

पण शीड जुनं होतं. ते टरकन् हातभर फाटलं. तात्यांनी दोर राठ तळव्यांत धरून ठेवला, न्हाव्याने शिडाच्या कडा एकत्र आणल्या, आणि मावशीने अंबाड्यातली सुई काढली. न्हाव्याच्या पटक्याचा तुकडा लावून, लाटांवर डुलत, तिने गोधडीला घालतात तसे टाके घातले. तोवर बाकीच्या होड्या परतल्या होत्या. माळही घालून झाली होती.

टिटवी सगळ्यांच्या शेवटी आली, दिवस कलल्यावर. किनाऱ्यावर शुकशुकाट होता. एकटा तांडेल मात्र काठी टेकत गुडघाभर पाण्यात उभा होता. कितवी आली, हे त्याने विचारलं नाही. त्याने शिडावरच्या ठिगळावरून हात फिरवला, डोलकाठीला कपाळ टेकवलं आणि लेकीला जवळ घेतलं. मावशीने डोळे पुसले आणि खारं पाणी गेलं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला चौघं जमली, तर टिटवीपाशी तांडेल आधीच येऊन बसला होता. त्याच्या मांडीवर एक रिकामी गोणी घडी घालून ठेवलेली होती.

"गुडघ्यांचा भरवसा नाही," तो म्हणाला. "पण ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी माझी मी भरून ठेवीन. मला घ्याल का?"

मावशी जरा सरकून बसली, आणि तिच्या शेजारी तांडेलापुरती जागा झाली.

तात्पर्य: नावाजलेले हात पुष्कळ मिळतात, पण येता येणार नसेल तेव्हा जो आपली गोणी आपण भरून ठेवतो, तो माणूस भेटला तर त्याची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नये.