वाळक्या पांगाऱ्यावरचा तांबट

एका राज्यात राजाच्या बागेत पाखरू म्हणून फिरकत नव्हते. फिरकणार कसे? राजा भद्रसेनाने फळझाडांवर रेशमी जाळे ताणले होते. त्यात अडकून एक बुलबुल मेला. तो होता एका मांत्रिकाचा सोबती. मांत्रिक कडाडला, "राजा, तू पाखरांचा आवाज बंद केलास, तुझ्या लेकीचा आवाज बंद होईल. रानपाखरू आपणहून इथे घर करील, पिल्लं वाढवील, तेव्हाच ती बोलेल."

त्याच क्षणी सात वर्षांची राजकन्या हेमकला मुकी झाली. राजाचा सारा जीव तिच्यात. त्याने स्वतःच्या हातांनी जाळे फाडले, पण भ्यालेली पाखरे काही येईनात.

बागेची माळीण येसू. राजकन्येला तिनेच अंगाखांद्यावर खेळवले होते. कुंपणापलीकडे बसलेल्या साळुंकीपुढे तिने पदर पसरला. "बाई, काय करू?"

साळुंकी म्हणाली, "तीन कामं कर. खायला उंबर लाव. प्यायला उथळ पाणी ठेव. तिसरं, हात आवर."

येसूने उंबर लावला. तिसऱ्या दिवशी तो फळांनी लगडला. त्या राज्याची मातीच तशी. मातीच्या परळात बोटभर पाणी ठेवले. पाखरे येत, खात, पीत आणि तिन्हीसांजेला निघून जात. घर कोणी करीना. येसूचा हात कुठे स्वस्थ बसतो! पान पडले की झाडायचे, फांदी वाळली की तोडायची. लख्ख बाग हाच तर तिचा तोरा. राजकन्या खिडकीतून नुसती बघत राही.

एके सकाळी महालासमोरच्या वाळक्या पांगाऱ्यावर तिने कुऱ्हाड उगारली. वर एक तांबट चोचीने खोडात ढोली कोरत होता. येसूचा हात वरच थांबला. तिसरे काम तिला आत्ता कळले.

राजा आला. "दारात वाळकं झाड म्हणजे अपशकुन. तोड."

"महाराज, कुऱ्हाड विहिरीत पडली."

"दुसरी घे."

"तीही पडली."

"कशी?"

"मीच टाकली." येसूने वर बोट दाखवले.

राजाने वर पाहिले आणि पावलांचा आवाज होऊ नये म्हणून जोडे काढून हातात घेतले.

पुढे महिन्याभराने ढोलीतून पिल्लांच्या चोची बाहेर आल्या. राजा आनंदाने ओरडला, "आली! नगारे वाजवा!"

तोच शेजारी उभ्या राजकन्येने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "आबासाहेब, हळू! पिल्लं घाबरतील."

राजा तोंडात शेला कोंबून ढसाढसा रडला. नगारे वाजले, पण पिल्ले उडून गेल्यावर.