राजकन्येची वीतभर सावली

एका राज्यात एका राणीच्या डोळ्याला सत्तावीस दिवस डोळा लागला नव्हता. तिच्या पाच वर्षांच्या लेकीची, राजकन्या तरलेची, सावली आखूड होत चालली होती. तरला दूधभात खाई, साखर खाई, पण भाजी आणि फळ तोंडात घेत नसे. ज्या दिवशी भाजीफळ पोटात जात नसे, त्या दिवशी सावली बोटभर घटे. आता ती वीतभर उरली होती.

राजवैद्य म्हणाले, "सावली संपली की राजकन्येचं वजन संपेल. मग वारा नेईल."

राणी मेघावती शिकलेली. बालसंगोपनाच्या अकरा पोथ्या तिने वाचल्या होत्या, आणि दर पोथीगणिक तिला स्वतःची एक नवी चूक सापडली होती. बाराव्या पोथीची वाट न पाहता ती वायुवेगी घोडीवर बसली आणि मांत्रिक कंटकनाथाच्या गुहेत गेली.

"माझ्या लेकीवरचा शाप उतरवा."

"तीन कामं आहेत. पहिलं, सर्पविहिरीच्या काठचं कारलं आण."

राणीने साप ओलांडले, कारलं आणलं, शिजवून लेकीपुढे ठेवलं. "खा. तुझ्यासाठी मी जिवावर उदार झाले."

"मी कुठे सांगितलं होतं?" तरला म्हणाली, आणि तिने ताट सरकवलं.

दुसरं काम राक्षसाच्या परसातल्या डाळिंबाचं. राक्षस निजला होता. त्याच्या मिशीला धरून राणी कुंपण चढली. घरी येऊन तिने दाण्यांचा मोर मांडला. तरलेने मोराकडे कौतुकाने पाहिलं आणि दूधभात खाल्ला. "मोर कुणी खातं का, आईसाहेब?"

सावली तीन बोटं उरली.

"ज्याने शाप दिला त्याचं नाव सांगा," राणी मांत्रिकाला म्हणाली. "मी त्याचं डोकं आणते."

मांत्रिकाच्या खांद्यावर एक साळुंकी बसली होती. "ही पाच वर्षं तुझ्या भोजनगृहाच्या तुळईवर होती. हिला विचार."

साळुंकीने चोच उघडली. आतून राजाचा आवाज आला, "भाजी संपव, मग लाडू मिळेल." मग दाईचा आला, "रडशील तर पडवळ वाढीन." मग एका बाईचा, "शी, कारलं? माझ्या ताटातून काढा ते. तरलेला वाढा, तिने खायलाच हवं."

"ही कोण दुष्ट बाई?" राणीने विचारलं.

"ही कोण दुष्ट बाई?" साळुंकी म्हणाली, अगदी त्याच आवाजात.

राणी मटकन खाली बसली. अकरा पोथ्यांत हे कुठेच नव्हतं. कदाचित असेलही, आणि त्या पानावर तिने राजासाठी खूण घालून ठेवली असेल.

"तिसरं काम," मांत्रिक म्हणाला. "तीन दिवस लेकीशेजारी बसून जेव. तिच्या ताटात जे, तेच तुझ्या ताटात. 'खा' म्हणायचं नाही. लाडू नाही, धाक नाही, कौतुकही नाही."

"सापांची विहीर बरी होती," राणी म्हणाली.

त्या राजवाड्यात मुलं आधी जेवत, थोर मंडळी मागाहून. राणीने ती रीत मोडली. राजालाही पाटावर बसवलं. त्याने लाडवांचं तबक मुकाट्याने परत पाठवलं आणि पडवळाकडे युद्धाला निघाल्यासारखं पाहिलं. पहिल्या दिवशी तरलेने दूधभात खाल्ला. दुसऱ्या दिवशीही. राणीचा जीव कासावीस झाला, पण तिने ओठ उघडले ते घास घ्यायलाच.

तिसऱ्या दिवशी सावली एक बोट होती. जेवता जेवता तरला पाटावरून अलगद वर उचलली गेली. दाईने तिचा परकर घट्ट धरला. खिडकीत वारा येऊन उभा राहिला.

"खा" हा शब्द राणीच्या दातांपर्यंत आला. तिने तो कारल्याच्या फोडीबरोबर गिळला. कारलं भलतंच कडू होतं. हसरा चेहरा करायचा तिने प्रयत्न केला, तो जमला नाही.

तरला टक लावून पाहत होती. मग ती खाली वाकली, आईच्या ताटातली एक फोड उचलली, चावली, गिळली.

तिचे पाय पाटाला टेकले. सावली पाटापासून दारापर्यंत लांब पडली. वारा रिकाम्या हाताने परत गेला.

राणी, राजा, दाई, तिघंही श्वास रोखून बसली. राजकन्येने दुसरी फोड उचलली.

"तोंड वाकडं करूनही खाता येतं होय, आईसाहेब?" ती म्हणाली. "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."