कोपराचा कायदा

जागा अडवून बसलेल्यांनो, तुमच्या कातडीला जे कळतं, ते तुम्हाला कळत नाही. तिथे झिजलेली पेशी मरून गळते आणि शेजारची पेशी एकाची दोन होऊन तिची जागा भरते. म्हणून गाठही येत नाही, भोकही पडत नाही. तुम्ही मात्र चिकटून आहात. ऐका तर मग.

राजे-राण्यांच्याही आधीच्या काळी एका डोंगरमाथ्यावर गाव होतं. पाणी पार खाली, नदीत. नदीपासून माथ्यापर्यंत माणसं रांगेने उभी राहत आणि घागरी हातोहात वर चढत. रांगेवर हुकूम कुणाचाच नसे. कायदा तेवढा होता. कोपराला कोपर लागलं, तर एकाने कायमचं बाहेर पडायचं. घागर देताना हात ताणावा लागला, तर शेजाऱ्यांनी हाक मारून नवा माणूस मध्ये घ्यायचा.

पुढे रांगेतलाच एक जण नाईक झाला. तो म्हणाला, "बाहेर पडणं हा अपमान आहे. आजपासून कुणीही जागा सोडायची नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवे येत राहिले, जुने जाईनात. कोपरं बरगड्यांत घुसू लागली, घागरी एकमेकींवर आपटून फुटू लागल्या. माथ्यावरचं टाकं कोरडं पडलं.

रांगेत एक तरुण आई होती. तिची लेक वर घरात तापाने फणफणली होती आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता.

"नाईककाका, व्हा बाहेर!" ती ओरडली.

"कालची पोर तू! तुझे दुधाचे दात पडले नव्हते, तेव्हापासून घागरी उचलतोय मी."

"मग आता उचला की! हात तरी हलतोय का तुमचा?"

हे ऐकून तरणी पोरं चेकाळली. "हाकला सगळ्या म्हाताऱ्यांना!" म्हणत त्यांनी रेटारेटी केली. रांगेत खिंडारं पडली. आता तर घागर पुढच्या हातात पोचेचना.

"थांबा!" ती कडाडली. "कायदा वय नाही विचारत, कोपर विचारतो."

तिचं स्वतःचं कोपर शेजारणीला टेकलं होतं. तिने हातातली घागर शेजारणीकडे दिली. मग बाहेर पडली.

"ही माझी आवडती जागा. तरी सोडली. आता कुणाची छाती आहे, बोला!"

तिच्या जागी मोकळीक झाली आणि एक घागर सुळकन पुढे सरकली. ते पाहून दाटीतले आपणहून निघाले. खिंडारांपाशी शेजाऱ्यांनी हाका मारल्या, नवे आले. पाणी चढू लागलं आणि अजूनही जागा न सोडणाऱ्या नाईकापाशी येऊन अडलं. घागरींचा ढीग लागला. सगळी रांग त्याच्याकडे बघत राहिली. कुणी हात लावला नाही, पण नजरही हटवली नाही.

अखेर तो बाहेर पडला.

पाणी माथ्यावर पोचलं. आईने पहिली ओंजळ लेकीच्या ओठांना लावली.

बोध एवढाच: जागा भरणं जितकं गरजेचं, तितकंच ती वेळेवर सोडणं; एक जरी चुकलं, तरी सगळ्यांचाच घसा कोरडा पडतो.

नाईक मात्र जाता जाता पुटपुटत होता, "माझ्याशिवाय चालणार कसं यांचं?"

त्याच्या शेजारी इतकी वर्षं उभी राहिलेली म्हातारी दंड चोळत म्हणाली, "चालणार कसं? अहो, आज कुठे माझा हात सरळ झाला!"