शंख चावत नाही

"तेव्हा माझ्यावर कुणी विश्वास ठेवला का, बाबा? शंख चावला म्हणून घसा फोडून सांगत होते, तर अख्खं गाव माझ्याच तोंडाकडं बघून हसलं!"

येसूबाई तांडेल मठाच्या ओसरीवर उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

शंभुगिरीबाबा आसनावर बसून ऐकत होते.

"नारू ओहोटीला खडकांवर गेला. नक्षीचा शंख दिसला. पोरीला खेळायला होईल म्हणून कनवटीला खोचला. आतला किडा जिवंत होता, कमरेला डसला मेला... उन्हं कलायच्या आत माझा नवरा गेला."

"आठवतं."

"आणि आता डॉक्टरीणबाई सांगते, त्याच शंखाच्या विषात दुखणं मारायचा गुण सापडला. तेवढा अंश वेगळा काढला, कारखान्यात हुबेहूब घडवला, औषध केलं. माझ्या शेवंताला देऊ का, म्हणते!"

शेवंता म्हणजे तीच पोरगी. कॅन्सर हाडात उतरला होता. कूस बदलली तरी किंचाळायची. आधीची औषधं लागू पडेनात.

"मग?"

"मग काय? ज्यानं बाप खाल्ला, त्यालाच लेकीच्या अंगात घालू? नाही म्हणून तोंडावर सांगून आले! तुम्ही त्या शंखाला शाप द्या. तेवढ्यासाठी आलेय."

"पोर काय म्हणते?"

येसूबाईचा आवाज खाली आला.

"दे म्हणते... हात जोडते, आये, दे म्हणते."

बाबांनी डोळे मिटले.

"नारूला कुठं आणलं होतंस?"

"कुठं म्हणजे? इथंच. तुमच्या पायाशी. गाडी सांगा, दवाखान्यात नेऊ, मी म्हणत होते."

"पहिलं कोण हसलं?"

येसूबाईनं देवापुढच्या शंखाकडं पाहिलं.

तोच शंख उचलून त्या दिवशी बाबांनीच गावाला दाखवला होता. 'रोज तोंडाला लावतो मी. मला नाही कधी चावला!' मग गाव हसलं होतं. मग अंगारा लावून नारूला याच ओसरीवर निजवलं होतं. गाडी कुणी सांगितलीच नाही.

बाबा आसनावरून उतरले. खाली, तिच्या पायांजवळ फरशीवर बसले.

"अहो, उठा! माझ्या डोक्यावर पाप घालता काय?"

बाबा उठले नाहीत.

"घरी जा, येसू. पोरीला औषध दे. त्या शंखाला सोड."

"आणि शाप? तो कुणाला देऊ?" ती कडाडली.

"शंभुगिरीला."