हिवरखोपला पाहुण्याला पाणी का देत नाहीत

२६ मार्च, मंगळवार. सकाळपासून कडक ऊन. दुपारी दोन-तीन वावटळी उठल्या, ढग कुठेच नाही.

धारेश्वराचे देऊळ पाहायला मी, पत्नी शकुंतला आणि मेहुणे माधवराव असे तिघे हिवरखोपला गेलो. पायथ्यापासून चढून जाईपर्यंत घशाला कोरड पडली होती. पहिल्याच घराच्या ओट्यावर बसलो. घरच्या बाईने शेंगा आणि गूळ पुढे ठेवला, पाणी मात्र आणले नाही. माधवरावांनी मागितले तेव्हा तिने विहिरीकडे बोट दाखवले आणि खुंटीवरचा पोहरा त्यांच्या हातात दिला.

माधवरावांना ते लागले. देवळाची झाडलोट करणाऱ्या येसूआत्या शेजारीच शेंगा फोडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे असावे.

"पावनं, राग नगा धरू," त्या म्हणाल्या. "कलेक्टर आला तरी हितं स्वतःच वढून पितोय. तुमी तर अजून तरणं हायसा."

माधवराव एकसष्ट वर्षांचे आहेत. ते हसले आणि विहिरीवर गेले. आम्ही तिघे पाणी प्यायलो. मग आत्यांनी जे सांगितले ते त्याच दिवशी घरी येऊन उतरवून काढले आहे.

शंभर वर्षांपूर्वी, असे सांगतात, खालच्या पेठेत डॉक्टर शेणोलीकर राहत. दर मंगळवारी ते तट्टावर बसून हिवरखोपला येत आणि चावडीत रोगी तपासत. त्या काळी लोक बाटलीतल्या औषधाला भीत. म्हणून डॉक्टरांनी एक रीत ठेवली होती. कुठलेही औषध देण्याआधी ते स्वतः त्यातले घोटभर घेत आणि मग रोग्यापुढे धरत. "डॉक्टरनं घेतलं, आता घ्या," एवढे म्हटले की कडू काढासुद्धा पोरे मुकाट पीत. गावात देवाच्या खालोखाल त्यांचा शब्द होता. रावजी पाटलांची सून बाळंतपणात अडली तेव्हा डॉक्टर तीन दिवस तिच्या उशाशी बसून राहिले आणि दोन्ही जीव वाचले. तेव्हापासून पाटील त्यांना थोरल्या भावाच्या जागी मानीत.

एका चैत्रात वरच्या वाडीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली. वाडीचा ओढा धारेश्वराच्या कुंडात उतरतो आणि सारे गाव त्या कुंडाचे पाणी पीत असे. डॉक्टर धावत आले. कुंडाला काटेरी कुंपण घातले आणि खालच्या विहिरीचे पाणी उकळून प्यायला सांगितले. पाटलांनी सगळ्या गावासमोर बेलभंडारा उचलला. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत कुंडाला कुणी हात लावणार नाही, अशी ती शपथ होती. गावाने ती पाळली. हिवरखोपात एकही माणूस आजारी पडला नाही.

मग धारेश्वराची जत्रा आली. देवाला कुंडाच्या पाण्याखेरीज दुसऱ्या पाण्याचा अभिषेक कधी झालाच नव्हता. आपल्या शपथेपायी देव पारोसा राहतो, हे पाटलांच्या मनाला खाऊ लागले. देवाचे पाणी देवालाच बाधेल कसे, असाही विचार त्यांनी केला, म्हणे. पहाटे त्यांनी स्वतः कुंपण सारून एक घागर भरली. गाव निजलेले होते.

अभिषेक झाला. तीर्थाचा पहिला मान डॉक्टरांचा होता. लोक मागे थबकून उभे होते, कारण पाण्याचा धाक सगळ्यांच्या मनात बसला होता. डॉक्टरांनी ओंजळ पुढे केली आणि विचारले, "पाटील, पाणी कुठलं?"

"तुमच्याच विहिरीचं. उकळून गार केलंय."

डॉक्टर तीर्थ प्यायले. नेहमीच्या रीतीने मागे वळून लोकांना म्हणाले, "डॉक्टरनं घेतलं, आता घ्या." सगळ्यांनी घेतले. जी बाई लेकराला घेऊन दूर उभी होती, तीही पुढे आली.

त्या आठवड्यात सतरा माणसे गेली. कुणी एकवीस सांगतात, आत्यांनी सतरा सांगितली. डॉक्टर स्वतः आजारी पडले होते. चावडीत बाजेवर पडल्या पडल्या ते औषधे सांगत आणि लोक ती वाटत. विहीरच बिघडली असे त्यांना वाटले. उठून बसता येऊ लागले तसे त्यांनी विहीर बुजवायला माणसे बोलावली. ती बुजली असती तर गावाला प्यायला थेंब उरला नसता. तेव्हा पाटलांना घागरीचे खरे सांगावे लागले.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. ते एवढेच म्हणाले, "तुम्ही मला पाजलंत, त्याचं काही नाही, पाटील. पण त्यांना ते माझ्या तोंडून पाजलंत."

पुढच्या मंगळवारी डॉक्टर येणार नाहीत असे सगळ्यांना वाटले होते. ते आले. तट्टाच्या खोगिराला पाण्याची पखाल बांधलेली होती. त्यांनी रोगी तपासले, औषध आधी स्वतः चाखले आणि वरून आपल्या पखालीतले पाणी प्यायले. पुढे कितीतरी वर्षे असेच चालले. पाटील दर मंगळवारी वेशीत तांब्या घेऊन उभे राहत.

"आज तरी घोटभर घ्या, डॉक्टर."

"नाडी दाखवा पाटील. पाणी नको."

म्हातारपणी एका उन्हाळ्यात डॉक्टर चावडीतच कोसळले. पखाल रिकामी झाली होती. पाटील तांब्या घेऊन धावले. डॉक्टरांनी मान फिरवली आणि म्हणाले, "मला विहिरीवर न्या."

बाजेसकट त्यांना विहिरीवर नेले. ते काठावर बसले आणि पोहरा सोडला. पाटील दोराला हात लावायला गेले.

"सोडा," डॉक्टर म्हणाले.

पोहरा अर्ध्यापर्यंत वर आला आणि दोर त्यांच्या हातातून सुटला. जीव जायला थोडा वेळ लागला, म्हणे. भोवती सारे गाव पाणी घेऊन उभे होते. जवळ जायला कुणी धजले नाही.

डॉक्टरांना अग्नी देऊन गाव परतले तेव्हा पाटलांनी चावडीत सांगितले की यापुढे हिवरखोपच्या माणसाने पाहुण्याला आपल्या हाताने पाणी देऊ नये. पोहरा द्यावा, दोर द्यावा, विहीर दाखवावी.

आजही गाव ते पाळते. पाटील दोन वर्षांनी वारले. मुलगा पळीत पाणी घेऊन बसला होता, पाटलांनी तोंड उघडले नाही. त्यांच्या घरात आजही मरणाऱ्याच्या मुखात पाणी घालत नाहीत.