मागून आणलेलं मीठ

"मग माझं चुकलं कुठे, बाईजी?"

रेवती बोंडेने हे तिसऱ्यांदा विचारलं. बाईजी नुकत्याच भिक्षेहून परतल्या होत्या. पूर्णेच्या काठावरच्या मठात, ओसरीवर बसून त्या झोळीची गाठ सोडत होत्या. गाठ घट्ट बसली होती आणि त्यांना घाई नव्हती.

रेवती अकोल्यात नर्स. गेल्या वर्षी जर्मनीतल्या एका इस्पितळात नोकरी मिळाली, वाजतगाजत गेली आणि दोन महिन्यांत परत आली. लोकांना सांगितलं, कागदपत्रांत घोळ झाला. कागदपत्रं चोख होती.

आता दुसऱ्यांदा बोलावणं आलं होतं. गुरुवारचं विमान. या वेळीही ती परत आली, तर तिसऱ्यांदा कुणी बोलावणार नव्हतं. तेही एक वेळ चाललं असतं. पण मग तिचा स्वतःवर पुन्हा कधी भरवसा बसणार नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

"या वेळी मी काही कमी ठेवलेलं नाही," ती म्हणाली. "भाषेच्या परीक्षेत पहिली आले. त्यांचे सण, त्यांच्या रीती, कुठला कचरा कुठल्या डब्यात, रविवारी आवाज करायचा नाही... सगळं पाठ आहे. कुकर घेतलाय. वर्षभराचं तिखट, हळद, लोणचं घेतलंय. माझं कुणावाचून काही अडणार नाही."

पहिला नंबर काढणारी माणसं शंकासुद्धा शाबासकी मिळावी अशी विचारतात.

"गेल्या वेळी अडलं होतं?"

"नाही."

"मग परत का आलीस?"

रेवतीने ओसरीच्या खांबाला पाठ टेकली.

"ताप आला होता. तीन दिवस. भिंतीपलीकडे एक म्हातारी राहायची, तिचा रेडिओ ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी वाटलं, मी मेले तरी तो रेडिओ तसाच चालू राहील."

"तिला हाक मारलीस?"

"तिला कशाला त्रास? मी नर्स आहे, बाईजी. गोळ्या होत्या माझ्याकडे."

"बरी झालीस?"

"झाले. आणि तिकीट काढलं."

बाईजी हं म्हणाल्या. गाठ सुटली.

झोळीत चार घरचं एकत्र झालं होतं. भाकरीचे तुकडे, भात, अंबाडीची भाजी. त्यात चव राहू नये म्हणून बाईजी ते नदीच्या पाण्यातून काढून आणत. चाळीस वर्षांचा त्यांचा नियम. त्यांनी दोन पानं वाढली.

रेवतीने पहिला घास घेतला आणि तोंडातच फिरवत बसली.

"अळणी लागतंय?"

"चालेल. माझं काही अडत नाही."

"माझं अडलंय," बाईजी म्हणाल्या. "गावातून चिमूटभर मीठ मागून आण."

चाळीस वर्षं अळणी खाणाऱ्या बाईला आजच मीठ कशाला हवं, हे रेवतीला कळेना. पण ती गेली. दहा मिनिटांत परत आली, तेव्हा तिच्या हातात किलोची पिशवी होती.

बाईजींनी पिशवी उलटसुलट करून पाहिली.

"हे कुणी दिलं?"

"दुकानातून आणलं. उगाच कुणाच्या दारात कशाला..."

"गोठ्यात नेऊन ठेव. गाई चाटतील. आणि मागून आण."

रेवतीचा चेहरा उतरला. पण ती उठली.

भर दुपारची वेळ. गाव जेवून लवंडलं होतं. तीन दारांपर्यंत ती गेली आणि तिन्ही दारांवरून पुढे सरकली. ऑपरेशनच्या टेबलापाशी जी कधी अडली नव्हती, तिला इथे एक साधी कडी वाजवता आली नाही. तिला रडूच आलं. त्या परक्या गल्लीत तिला ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून तिने ते येऊ दिलं.

चौथ्या घरी एक म्हातारी ओसरीवर तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"काय पाह्यजे वं?"

मी रेवती बोंडे, अकोल्याच्या इस्पितळात असते, परवा जर्मनीला निघालेय, हे सगळं रेवतीच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"मीठ... थोडंसं."

म्हातारी आतून मूठभर घेऊन आली. रेवतीने ओंजळ पुढे केली, तशी ती मागे सरकली.

"हातात नाही देत मी. भांडन होते. थांब, वाटीत देतो. वाटी आनून देजो मंग."

"हो."

"कोनाची पोरगी व्हय तू? रडली काहून?"

रेवती पायरीवर बसली आणि सांगत गेली. परीक्षेचा नंबर सांगितला नाही. तापाचं सांगितलं. रेडिओचंही सांगितलं. म्हातारीचं नाव कौतिकाबाई. तिचा मुलगा सुरतेला होता, त्याचा फोन रविवारी यायचा, कधी यायचा नाही.

"बस अजून घटकाभर," कौतिकाबाई म्हणाली. "या घरात दिवसभर कोनी बोलाले नसते."

रेवती परतली तेव्हा तास होऊन गेला होता. तिचं पान बाईजींनी दुसऱ्या पानाने झाकून ठेवलं होतं. स्वतःही जेवल्या नव्हत्या.

"मिळालं?"

रेवतीने वाटी समोर ठेवली.

"वाटी परत द्यायची आहे. रिकामी देऊ नये म्हणतात... तिला काय नेऊ, बाईजी?"

चिमूटभर मीठ घेऊन बाईजींनी रेवतीच्या पानात वाढलं. आपल्या पानात घेतलं नाही.

"तुमचं अडलं होतं ना?"

बाईजींनी घास घेतला. दोघी जेवल्या. नदीपलीकडे कुणीतरी म्हशीला हाका मारत होतं. ते बराच वेळ ऐकू आलं आणि मग थांबलं.

"बाईजी, तिकडचं ते एकटेपण... या वेळी जाईल का हो?"

"मी कराडकडची. या गावात आले त्याला चाळीस वर्षं झाली," बाईजी म्हणाल्या. "दुपारचं अजून येतं."

"मग मी काय करू? अजून काय नेऊ बरोबर?"

बाईजींनी पानं उचलली, ओसरी पुसली, हात धुतले.

"सगळं ने," त्या म्हणाल्या. "मीठ तेवढं नेऊ नकोस."