फक्कीच्या आतलं पाणी

डोंगराच्या उतरणीवर, करवंदीच्या दाट जाळीखाली एका मुंगसाचं बिऱ्हाड राहत असे. मुंगूस, त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि तीन पिल्लं. मुंगूस हौशी होता. त्याच्या बायकोला, म्हणजे पिल्लांच्या आईला, सतत कसली ना कसली काळजी लागलेली असे. आणि धाकट्या पिल्लाचे डोळे उघडून फार दिवस झाले नव्हते, तरी त्याचे पाय मात्र एका जागी ठरत नसत.

मुलांनो, ही गोष्ट तलावाची आहे आणि रागाचीही आहे. राग वाईट असतो, असं तुम्हाला शिकवलेलं असेल. बहुतेक वेळा ते खरंही असतं. या गोष्टीपुरता मात्र निकाल आधीच देऊ नका.

त्या वर्षी ऊन कडक पडलं. पलीकडच्या साळिंदराने आपल्या बिळापुढे पोहायचा तलाव बांधला आणि मुंगसाचं चित्त थाऱ्यावर राहीना. उठता-बसता एकच विषय. शेवटी त्याने तलावांचं कंत्राट घेणाऱ्या बेडकाला घरी बोलावलं. बेडूक आला, अंगणभर उड्या मारून आला आणि गाल फुगवून म्हणाला, "एवढं ऐसपैस अंगण असून तलाव नाही म्हणजे मिशा असून पीळ नाही, बघा!"

"पण आमच्या पिल्लांना पोहता येत नाही," आई म्हणाली.

"वहिनी, पोहणं काय शिकवायचं असतं? आमची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की पोहायला लागतात. उपजतच असतं ते!"

"तुमच्यात असेल. आमची पिल्लं अंड्यातून येत नाहीत."

मुंगूस हसला. "ऐकलंत ना बेडूकराव? नागाच्या फण्यावर झेप घेणारी ही बाई, आणि हातभर पाण्याला भिते!"

"नाग निदान फुत्कारतो तरी," आई म्हणाली. "पाणी आधी काही सांगत नाही."

मग तिने एवढंच मागितलं, की तलाव करायचाच असेल तर भोवती काट्यांचं उंच कुंपण घालू आणि त्याला पिल्लांना न उघडणारं दार बसवू. बेडकाने नाक मुरडलं. "शोभा जाते हो वहिनी. तलावाला कुंपण म्हणजे तुरुंगच की!" आजी म्हणाली, "सूनबाई, ओढ्याच्या काठावर मुलं वाढवली आम्ही. कुठे होती कुंपणं?" वरच्या पळसावरचा कावळा बोलावणं नसताना बोलला, "आणि मी आहे ना! वरून मला सगळं दिसतं. मुंगीसुद्धा सुटत नाही." मुंगसाने तर विषयच मिटवला. "आपण एवढी मोठी माणसं आहोत घरात. सगळे मिळून लक्ष ठेवू. तू उगाच सगळ्यांच्या आनंदात माती कालवू नकोस."

आईने हट्ट सोडला. तिला स्वतःचीच खात्री नव्हती. आपण खरोखरच अति करतो का? कालच वाऱ्याने पान हललं तर आपण पिल्लांना बिळात कोंबलं होतं. परवा एका बेचव किड्यावरून केवढा गहजब केला होता. सगळे एक बोलतात आणि आपण एकट्याच दुसरं, तेव्हा आपणच चुकत असू. असं तिने स्वतःला समजावलं. पण आतून एक धुमसणं सुरू झालं, ते काही केल्या विझेना.

मुहूर्त ठरला. खणायला सुरुवात करण्याआधी बांधकामाच्या जागेवर पांढऱ्या भुकटीने रेघा आखतात, त्याला फक्की मारणं म्हणतात. कबड्डीच्या मैदानावर तुम्ही ती पाहिली असेल. बेडकाने खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि पांढऱ्या मातीच्या भुकटीची जाड फक्की मारून अंगणात मोठा चौकोन आखला. एका टोकाला त्याने आणखी एक रेघ ओढली. "याच्यापुढे खोल पाणी," तो म्हणाला.

ते शब्द ऐकले मात्र, आईच्या तोंडून निघून गेलं, "मग आजपासूनच समजा. फक्कीच्या आत पाणी आहे. भरलेलं. आणि पिल्लं अंगणात आहेत. ठेवा लक्ष सगळे मिळून."

"घ्या! तलाव व्हायच्या आधीच भरलासुद्धा!" मुंगूस म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

फक्की पडल्याचा आनंद म्हणून करवंदांचे द्रोण वाटायचं ठरलं. चौकोनाच्या एका बाजूला आई द्रोण भरत बसली. समोरच्या बाजूला मुंगूस बेडकाला दाखवत होता, की इथे पाय सोडून बसायचं आणि इथे साळिंदराला बोलावून जळवायचं. खोल पाण्याच्या टोकाला, चौकोनाबाहेर सावलीत आजी बसली होती. कावळा फांदीवर होताच. एवढी मोठी माणसं, आणि सगळ्यांची तोंडं त्या चौकोनाकडेच. याहून जास्त लक्ष ते काय असतं?

द्रोण भरून झाले. आईने पिल्लांना हाक मारली. मोठी दोघं जाळीतून धावत आली. मागून धाकटं आलं. त्याचे पाय पांढरे होते. पोट पांढरं होतं. नाकाचा शेंडासुद्धा पांढरा होता.

"अरे वा! पावडर लावून आलं की हे!" कावळा खिदळला. मुंगूस हसला, आजी हसली, बेडूक तर गडबडा लोळायचाच बाकी होता.

आई हसली नाही. "हे आत गेलेलं कुणी पाहिलं?" तिने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मी विचारतेय, कुणी पाहिलं?"

"अगं, इथेच तर होतं," मुंगूस म्हणाला.

आई उठली आणि चौकोनात शिरली. तांबड्या मातीवर इवल्या पांढऱ्या पावलांची रांग उमटली होती. फक्कीवरून गेल्यावर पायांना भुकटी लागली होती, त्यामुळे पाऊल न् पाऊल दिसत होतं. रांग सुरू झाली होती तिथे आईने बोट दाखवलं. "हे इथून आत गेलं. माझ्या पाठीमागून. मी करवंदांतला पाला निवडत होते." मग ती पुढे गेली. "इथे हे तुमच्या पायांपासून एका उडीवर होतं, अहो. तुम्ही साळिंदराला जळवत होतात. इथे हे कावळ्याच्या बरोब्बर खाली होतं. मुंगीसुद्धा सुटत नाही ना रे तुला? आणि इथे," ती खोल पाण्याच्या रेघेपलीकडे जाऊन उभी राहिली, "इथे हे सासूबाईंच्या समोर होतं. इथे रेघेवरची भुकटी विस्कटली आहे. इथे लोळलंय ते, पोटावर, कितीतरी वेळ."

आता कुणी हसत नव्हतं. पण मोठ्या माणसांना गप्प राहणं फार वेळ जमत नाही. मुंगूस म्हणाला, "अगं, पण आत पाणी कुठे होतं? पाणी असतं तर आम्ही लक्ष दिलंच असतं."

"पाण्याकडे दिलं असतंत!" आई कडाडली. तिच्या अंगावरचा केस न् केस ताठ झाला होता. नागापुढेसुद्धा ती कधी एवढी फुलली नव्हती. "पाणी किती निळं, काठ किती गुळगुळीत, कोण बघायला आलं, कोण जळलं, याकडे दिलं असतंत. आज तरी दुसरं काय करत होतात? चौकोनाकडेच बघत होतात ना? चौकोन दिसला, त्यातलं पिल्लू दिसलं नाही. आणि मला म्हणता, आनंदात माती कालवू नकोस!"

"वहिनी, शांत व्हा," बेडूक म्हणाला.

"होणार नाही. माझं पिल्लू तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडालंय आणि तुम्ही त्याच्या पावडरीला हसलात."

कावळ्याने मान तिरकी केली. "खरंच पडलं असतं तर आवाज आला असता की. छपाक् झालं असतं, आरडाओरडा झाला असता."

"नसतो येत," आजी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आजीने हातातला द्रोण खाली ठेवला. "ओढ्याच्या काठावर पाच वाढवली म्हणून मी मिरवते. झाली सहा होती. सहावं पाण्यात गेलं तेव्हा काठावर मी होते, माझ्या चार जावा होत्या. गप्पा रंगल्या होत्या. कसलाही आवाज आला नाही. दुसरीचं लक्ष आहे, असं प्रत्येकीला वाटत होतं."

आपल्याला आणखी एक भाऊ होता, हे मुंगसाला आजवर माहीत नव्हतं.

अशा वेळी गोष्टींमधल्या सुना सासूच्या गळ्यात पडतात आणि त्यांचा राग ओसरतो. या आईचा ओसरला नाही. "मग मी कुंपण मागितलं तेव्हा का बोलला नाहीत?" तिने विचारलं.

"बोलले असते तर बोट माझ्याकडेच आलं असतं," आजी म्हणाली. "तुझ्याकडे गेलेलं मला सोयीचं होतं."

आईने एक मोठा श्वास घेतला. मग ती प्रत्येकाकडे पाहत म्हणाली, "ठीक आहे. एकच सांगा. तलाव झाला. भर दुपार आहे, जेवणं झालीत, सगळ्यांना पेंग येतेय. त्या वेळी काठावर कोण बसणार? गप्पा न मारता, डुलकी न घेता. मला 'सगळे' नकोत. एकाचं नाव हवंय."

"कुणीतरी बसेलच की," कावळा पुटपुटला.

"'कुणीतरी' नावाचं जनावर या डोंगरावर मी अजून पाहिलेलं नाही. मीसुद्धा नाव देत नाही माझं. आज सगळ्यांत जवळ मीच होते, आणि सगळ्यांत जास्त भीतीही मलाच होती. तरी मला दिसलं नाही."

मुंगूस मातीत उमटलेल्या पावलांजवळ जाऊन बसला. शेवटी म्हणाला, "मला दुपारी झोप लागते." हौशी असला तरी तो खोटं बोलणारा नव्हता. तो उठला आणि त्याने स्वतःच्या हातांनी एकेक खुंटी उपटली.

बेडकाने सुतळी गुंडाळली. "आईमाणसं मुळातच भित्री," असं पुटपुटत तो उड्या मारत निघून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मुंगूस तिन्ही पिल्लांना घेऊन उतरणीखालच्या ओढ्यावर गेला आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. आईचा राग अजून पुरता गेला नव्हता, म्हणून ती बरोबर गेली नाही. आणि काळजीही पुरती गेली नव्हती, म्हणून ती जाळीच्या तोंडाशी उभी राहून पाहत होती. धाकटं पाण्यात पाय झाडत होतं आणि मुंगसाने त्याची मानगूट घट्ट धरली होती. तेवढ्यात कावळा ओरडला, "काय मुंगूसराव, तलावाचं काय झालं? साळिंदर विचारत होता!"

मुंगसाची नजर पिल्लांवरून हलली नाही. त्याने मान वर करून पाहिलंही नाही.

तात्पर्य : सगळ्यांनी मिळून राखलेलं पिल्लू कुणीच राखलेलं नसतं; ज्या घरात राखणाऱ्या एकाचं नाव ठरत नाही, त्या घराने अंगणात पाणी आणू नये, आणि घाबरणारीला हसू तर मुळीच नये.